मूळ फोन कुठे आहे?

एका तरुणाचं वकीलपत्र घेतलं होतं. आरोप असा, की संबंध तुटल्यावर त्याने मैत्रिणीचे खासगी फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, ‘मॅडम, तेव्हाचा फोन घरी कपाटात आहे, त्यात सगळं दिसेल.’ मी ‘बरं’ म्हटलं आणि जामिनाच्या अर्जाला लागले. दिवाळीत त्याच्या बहिणीने तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. देण्याआधी दुकानदाराच्या सांगण्यावरून फॅक्टरी रीसेटही मारला. फोटो ग्रुपवर गेले त्या रात्री आपलं व्हॉट्सअ‍ॅप रूममेटच्या लॅपटॉपवर उघडं होतं, असं तो सांगत होता. सांगतच राहिला, कारण दाखवायला आमच्याकडे स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंटांपलीकडे काही नव्हतं. ‘मूळ फोन कुठे आहे?’ सरकारी वकिलांनी विचारलं, आणि माझा अशील माझ्याकडे बघायला लागला. अपील चालू आहे, त्यामुळे त्या केसबद्दल एवढंच.

तेव्हा असा आरोप तुमच्यावर आला असेल तर तयारी इथून सुरू करा: त्या काळात वापरलेला प्रत्येक फोन, टॅब, लॅपटॉप, मेमरी कार्ड शोधून एका जागी आणा. स्क्रीन फुटलेलाही. धाकट्या भावाला गेम खेळायला दिलेलाही. फॅक्टरी रीसेट नाही, अपडेट नाही, ‘जरा स्टोरेज मोकळं करतो’ नाही. घरातल्या प्रत्येकाला, म्हणजे आईला, बहिणीला, बायकोला, तोंडी सांगा की हा फोन कोणी विकायचा नाही. मी फक्त अशिलाला सांगितलं असतं तरी पुरलं नसतं. फोन दिला बहिणीने.

फोन ठेवला तर आपल्याच अंगाशी येईल, अशी भीती वाटत असेल तर ती वकिलाला सांगा, डिलीटच्या बटणाला नाही. पुरावा म्हणून मागता येईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. शिवाय रीसेट मारलेला फोन पाहिला की न्यायाधीशांच्या मनात काय येतं ते मी समोरून पाहिलंय. आमच्या बहिणाबाईंनी काही मुद्दाम केलं नव्हतं. दिसलं मात्र तसंच.

आता वकील. लवकर गाठा आणि खरं सांगा. फोटो तुम्हीच टाकले असतील तर तेही सांगा. बचावाची दिशा त्यावर ठरते आणि अर्ध्या वाटेत कळलेलं सत्य फार महाग पडतं. पण ते फोटो वकिलाला ‘बघा ना मॅडम, हे होते’ म्हणून पाठवू नका. हात जोडून सांगते. ती चित्रं पुन्हा कोणालाही पाठवणं म्हणजे तोच गुन्हा परत करणं, आणि समोर वकील आहे म्हणून सूट नाही. फोन घेऊन या, काय करायचं ते ऑफिसात बसून ठरवू.

एफआयआरची प्रत आणा आणि कलमं वाचा. लोक तक्रारीतला मजकूर पंधरा वेळा वाचतात आणि कलमांची ओळ सोडून देतात. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं कलम ६६ई म्हणजे संमतीशिवाय खासगी अवयवाचं चित्र काढणं किंवा पसरवणं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे जामीनपात्र. ६७ए म्हणजे उघड लैंगिक कृती असलेला मजकूर: पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, अजामीनपात्र. अटकेची धास्ती असते ती या दुसऱ्या कलमामुळे. म्हणून पहिला प्रश्न हा, की चित्रात खरोखर लैंगिक कृती आहे की नुसती नग्नता? नुसती नग्नता असेल तर ६७ए लागूच होत नाही, हा मुद्दा जामिनाच्या अर्जातच घ्यावा लागतो. तक्रारदार स्त्री असेल तर न्याय संहितेचं कलम ७७ बहुधा सोबत असतं. १ जुलै २०२४ पूर्वीची घटना आणि आरोपी पुरुष असेल तर तिथे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५४सी. तपास कोण करतंय तेही बघा. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. कागदावर नाव निरीक्षकांचं आणि प्रत्यक्ष सगळं उपनिरीक्षकांनी केलेलं, असंही सापडतं.

‘तिनेच तर पाठवले होते’ हा बचाव नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकताना पेन खाली ठेवते. कलम ७७ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की फोटो काढायला संमती असली आणि पसरवायला नसली, तर पसरवणं हा गुन्हाच. बचाव असू शकतो तो वेगळ्या प्रश्नांवर: पाठवलं कोणी, अकाउंट कोणाच्या हातात होतं, फाइल कुठून कशी फिरली, चित्र नक्की कोणाचं आहे, कलम बसतं का. आणि चित्रातली व्यक्ती १८ च्या आतली असेल तर ही यादी इथेच मिटा. तिथे पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि आयटी कायद्याचं ६७बी येतात, संमतीचा प्रश्नच उरत नाही, आणि अशी चित्रं नुसती जवळ बाळगणंही किती महागात पडू शकतं ते सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय.

तक्रारदाराशी संपर्क नाही. फोन नाही, मित्राकरवी निरोप नाही, मावशीकरवी ‘मिटवून घेऊ’ नाही. या एका गोष्टीवरूनही जामीन रद्द होऊ शकतो. चित्र अजून कुठे दिसत असेल तर त्याची लिंक आणि वेळ लिहून ठेवा आणि ते काढायला वकिलामार्फत लेखी कळवा. चित्रातल्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली की ते ठरावीक तासांत हटवण्याचं बंधन आयटी नियमांनी कंपन्यांवर घातलंय; २०२१ च्या मूळ नियमांत ही मुदत २४ तासांची होती. आपलं अकाउंट मात्र स्वतः बंद करू नका, त्यातल्या लॉगिनच्या नोंदी तुम्हालाच लागणार आहेत.

नोटीस आली तर हजर व्हा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस येते. ती चुकवली तर अटकेचं कारण आपणच हातात दिलं. अटकपूर्व जामीन त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली, सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. फोनचा पासवर्ड मागितला तर द्यायचा की नाही हे तिथल्या तिथे ठरवू नका. न्यायालयांचं यावर एकमत नाही, वकिलाला विचारून ठरवा. खोटा पासवर्ड सांगून हुशारी करू नका.

आता पुन्हा फोन. पोलिसांनी जप्त केला तर पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. मेक, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिम, कार्ड, फोन चालू होता की बंद, सील कोणासमोर केलं, हे सगळं त्यात हवं. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता बंधनकारक आहे. झालं नसेल तर तेव्हाच लिहून द्या. आतल्या माहितीची हॅश व्हॅल्यू काढली का ते विचारा. हा आकडा असा असतो की फाइलमधला एक बिंदू हलला तरी सगळाच बदलतो, म्हणजे जप्तीनंतर कोणी हात लावला असेल तर तो उघडा पडतो.

जप्त न झालेला, कपाटातला जुना फोन ही तुमची जबाबदारी. बॉक्सवर आयएमईआय असतो, तो बॉक्स आणि बिल शोधा. खासगी तज्ज्ञाकडून फोनची जशीच्या तशी प्रत, हॅश व्हॅल्यूसकट, काढून घ्या, आणि हे वकिलामार्फत करा. तोच नंबर नव्या फोनवर सुरू केलात की जुन्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट होतं आणि जोडलेल्या लॅपटॉपांची यादी गेलीच समजा. म्हणून ते सिम त्यातच राहू द्या, स्वतःसाठी दुसरा नंबर घ्या, आणि जुन्याचा रिचार्ज चालू ठेवा. ही रिचार्जची गोष्ट कोणी सांगत नाही. नंबर बंद पडला तर पुढे तो दुसऱ्या कोणाच्या नावावर जातो, मग ओटीपी मागायचा कोणाकडे?

एवढा अट्टाहास का, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ साठी. चॅट, फोटो, नोंदी यांची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागतं, त्याचे आता दोन भाग: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यू लिहून. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी चं असंच प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या, म्हणजे आपल्या जालन्याच्याच निवडणूक प्रकरणात पक्कं केलं. त्याच निकालात हेही आहे की मालकाने मूळ उपकरण स्वतः पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे तो एक फोन असता तर माझं अर्धं काम झालं होतं. एक्स्चेंजमध्ये त्याचे किती आले हे मी बहिणीला कधी विचारलं नाही.

कंपन्यांकडच्या नोंदींना मुदत असते. खातं बंद झालं की नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची असा नियम आहे, त्यापुढे भरवसा नाही. म्हणून लॉगिन, आयपी आणि कॉलच्या नोंदी जपून ठेवून मागवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ चा अर्ज सुरुवातीलाच. सीसीटीव्हीचं तर काही दिवसांतच पुसलं जातं. त्या रात्री तुम्ही कुठे होतात याचं तिकीट, बिल, हजेरी, जे असेल ते काढा.

पुढचं भराभर सांगते. अटकेत असाल तर ६० दिवस मोजा, तोवर आरोपपत्र नाही आलं तर जामिनाचा हक्क मिळतो. आरोपपत्र आलं की त्याच संहितेच्या कलम २३० खाली सगळ्या प्रती मागा, फॉरेन्सिक अहवालासकट. चित्रांची प्रत बहुधा मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या गोपालकृष्णन निकालानुसार तक्रारदाराच्या खासगीपणासाठी न्यायालय फक्त पाहणीची मुभा देऊ शकतं. त्या पाहणीला तज्ज्ञ सोबत न्या. प्रत न मिळणं योग्यच आहे, त्यावर भांडत बसू नका. दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडण्याचा, अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत. उलटतपासात तक्रारदाराच्या चारित्र्यावर जायचा आग्रह वकिलाकडे धरू नका. प्रश्न फाइलचा आहे, तिचा नाही.

तारखेला वेळेवर या. साधे कपडे, आधार कार्ड, हजेरीच्या पावत्या. आणि फोन. पडून पडून त्याची बॅटरी फुगलेली असू शकते, म्हणून आठवडाभर आधी तज्ज्ञाकडे नेऊन सुरू होतो का ते बघून घ्या. चार्जर जुन्या पिनचा लागेल, तो कोर्टात कोणाकडे नसतो. लॉकचा पिन आठवतोय ना, तेही आदल्या रात्री बघून घ्या.