वखारीसाठी लाकूड फोडायची मशीन घेताय? आधी हे बघा

मुंबईत बेकऱ्यांना लाकूड सोडून गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला हायकोर्टाने २०२५ मध्येच सांगितलंय, त्यामुळे आधी गिऱ्हाईक कोण ते पक्कं करा, मशीन नंतर. डीलर 'टन टन' (म्हणजे मशीनचा जोर) करेल, त्याला तेलाच्या दाबावर जोर लावणारा सिलिंडर किती इंच व्यासाचा नि तेलाचं प्रेशर किती ते विचारा, ३००० पीएसआय (दाबाचं माप) प्रेशरला ४ इंची सिलिंडर साधारण १७ टन देतो, ५ इंची २६ च्या आसपास, बाभूळ-चिंचेच्या गाठाळ ओंडक्याला मोठाच हवा, आंब्याला छोटा पुरे (उगाच पैसे घालू नका).

चार धारांची पाचर एका दाबात चार तुकडे करते पण जोर जास्त खाते, म्हणून काढता-घालता येणारीच घ्या, गाठीला साधी सरळ पाचर लावा. आणि दोन्ही हात लिव्हरवर असल्याशिवाय चालूच होणार नाही अशी मशीन बघा.