किआन्तीत ई-बाइकवर फिरताय? या चुका टाळा

इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या किआन्तीच्या टेकड्या फोटोत अगदी मऊ दिसतात. सायकलवर बसलं की कळतं, इथे सपाट असं काही नाहीच. उतार संपायच्या आत पुढचा चढ समोर उभा. त्यामुळे गाइडबरोबरची ई-बाइक टूर हा चांगला पर्याय आहे. पण आपण मंडळी तिच्यावर ॲक्टिव्हावर बसल्यासारखे बसतो आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

युरोपातल्या नेहमीच्या ई-बाइकला ॲक्सिलरेटर नसतो. पाय फिरले तरच मोटर हात देते, तोही ताशी २५ किलोमीटरपर्यंत. त्यापुढे ती गप्प. आमच्यातले एक काका प्रत्येक उतारावर "अहो, बंद पडली!" म्हणून थांबायचे. बंद वगैरे काही नव्हती. स्क्रीनवर खरंच एरर आला, तर आधी आठवा: चालू करताना पायडलवर पाय होता का? बऱ्याच गाड्यांचा सेन्सर त्यानेच गोंधळतो. पाय खाली ठेवून बंद करा, पुन्हा चालू करा.

दुसरी चूक, पहिल्याच चढाला टर्बो, म्हणजे मोटरचा सगळ्यात जोरदार मोड. ग्रेवे गावाहून पान्झानो गावाला जाताना बॅटरी अशी उधळली, की जेवणानंतरच्या चढांना वीस-पंचवीस किलोचं धूड स्वतःच्या पायांवर ओढावं लागतं, तेही पोट भरलेलं असताना. सपाटीला इको (सगळ्यात कमी मदतीचा मोड), चढाला मधला मोड, टर्बो फक्त अगदी उभ्या टप्प्याला. आणि गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. चढावर जोर लावता लावता गिअर बदलला तर मोटरची ताकदही साखळीवरच येते, कडकड आवाज होतो, कधी साखळी उतरते किंवा तुटते. क्षणभर पाय सैल सोडा, मग बदला.

आता ब्रेक. यात मी स्वतः आपटलो आहे. आपल्याकडे सायकल असो वा दुचाकी, पुढचा ब्रेक उजव्या हाताला. इटलीत तो बहुतेक सायकलींना डाव्या हाताला असतो. द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या खडीच्या पांढऱ्या रस्त्यावर, ज्याला तिथे 'स्त्रादा बियांका' म्हणतात, वळण आलं. सवयीने 'मागचा' म्हणून डावा ब्रेक आवळला, पुढचं चाक सरकलं आणि कोपर सोलवटलं. गाइडने पट्टी बांधली, हसू मात्र त्याला आवरलं नाही. निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये दोन्ही ब्रेक दहादा दाबून पाहा. खडीवर वेग वळणाआधीच कमी करा, वळणात ब्रेक नको. आणि हो, तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते.

खाण्याच्या थांब्यांना 'टेस्टिंग' म्हणतात, त्या शब्दावर जाऊ नका. पेकोरिनो चीज, बडीशेप घातलेली डुकराच्या मांसाची फिनोक्योना सलामी, ऑलिव्ह तेल, बिनमिठाचा पाव (बेकरी चुकलेली नाही, तोस्काना, म्हणजे टस्कनी, या भागातला पाव असाच असतो) अशी ताटं येत राहतात. पहिल्याच थांब्यावर पोटभर खाल्लंत, तर पुढचा चढ लक्षात राहील.

शाकाहारी असाल तर टेबलावर बसून 'व्हेज' म्हणण्यात अर्थ नाही, बुकिंग करतानाच लेखी कळवा. क्रोस्तिनीवरचा (भाजलेल्या पावाच्या छोट्या तुकड्यांवरचा) तपकिरी लेप आपल्या चिंचेच्या चटणीसारखा दिसतो, पण बहुतेकदा ती कोंबडीच्या काळजाची पेस्ट असते. पेकोरिनोतही बहुधा प्राणिज रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. टोमॅटो आणि शिळ्या पावाचं 'पापा अल पोमोदोरो' मात्र चुकवू नका. फक्त त्यात मांसाचा स्टॉक नाही ना, तेवढं विचारा. जैन मंडळींनी लसणाचंही आधीच सांगावं.

वाइनचं एकच सांगतो: दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा इटलीत सायकललाही लागू आहे. चव घ्या, ग्लास संपवलाच पाहिजे असं नाही.

ऑगस्ट टाळा. ऊन तर असतंच, शिवाय १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आसपास कितीतरी दुकानं सुट्टीवर. सप्टेंबरात द्राक्षतोडणी बघायला मिळते.

काळ्या कोंबड्याचं चिन्ह असलेली किआन्ती क्लासिको वाइनची बाटली घरी न्यायची असेल, तर शेवटच्या थांब्यावर घ्या. पहिल्यावर घेतलीत, तर दिवसभर पाठीवर काच घेऊन खडी उतरावी लागेल. विमानात ती चेक-इन बॅगेतच, जाड कपड्यांत गुंडाळून.