जुन्या अ‍ॅम्बॅसिडरला हेडर बसवताना

इंजिनच्या प्रत्येक एक्झॉस्ट पोर्टमधून निघणारा वायू स्वतंत्र नळीतून काही अंतर नेऊन मग एकत्र करणारी जोडणी म्हणजे हेडर. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळे पोर्ट एका आखूड पोकळीत उघडतात; त्यामुळे एका सिलिंडरचा दाब दुसऱ्याच्या वाटेत येतो आणि जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही. नळ्यांची लांबी नीट ठरवली, तर एका सिलिंडरचा झोत पुढे जाताना मागे जो कमी दाब सोडतो, तो पुढच्या सिलिंडरला रिकामे व्हायला मदत करतो. हा फायदा खरा असला तरी जुन्या, कमी फेऱ्यांच्या इंजिनात तो माफकच असतो, हे खर्च करण्यापूर्वी मान्य केलेले बरे.

मराठवाड्यात जुन्या जीप बऱ्याच दिसतात, पण त्यांपैकी अनेकींत डिझेल इंजिन असते. टर्बो नसलेल्या अशा डिझेलला हेडरचा उपयोग नगण्य असतो, आणि धूर तर त्याने मुळीच कमी होत नाही; तो पैसा इंजेक्टर तपासून घेण्यावर घालावा. पेट्रोलवरची सीजे-३बी असेल, तर तिच्या एफ-हेड इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे तिचा हेडर हेडला नव्हे, तर ब्लॉकला बसतो. पुढील विवेचन मुख्यतः १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनाच्या अ‍ॅम्बॅसिडरसाठी आहे.

कायद्याची बाजू आधी पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. म्हणून परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोन्हींकडे आधी विचारणा करावी. सायलेन्सर कोणत्याही परिस्थितीत काढू नये. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असून २०२१ च्या नियमांखाली तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचा विचार असेल, तर हेडरचा नाद सोडावा, कारण त्या नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे.

या इंजिनाला चार सिलिंडर असले तरी एक्झॉस्ट पोर्ट तीनच आहेत: पहिल्या व चौथ्या सिलिंडरचे स्वतंत्र, तर दुसऱ्या व तिसऱ्याचा मधला एक सामाईक. इतर गाडीचा चार नळ्यांचा तयार हेडर कापून येथे बसवता येत नाही. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्याने दुसरा व तिसरा सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या ३६० अंशांवर, म्हणजे एका पूर्ण फेरीच्या अंतराने, वायू सोडतात आणि सामाईक पोर्टमध्ये त्यांची टक्कर होत नाही. पहिल्या व चौथ्याचेही तसेच. म्हणून कडेच्या दोन नळ्या आधी एकमेकींना मिळवाव्यात, मधली नळी लांब खाली आणावी आणि मग दोन्ही प्रवाह एकत्र करावेत. जाड नळी म्हणजे जास्त ताकद, हा गैरसमज आहे. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग पडतो आणि गावातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी मेल्यासारखी वाटते.

छत्रपती संभाजीनगरला वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेझरवर फ्लँज, म्हणजे नळ्या हेडला बसवणारी जाड सपाट पट्टी, कापून घेता येतो. त्यासाठी नवे गॅस्केट (सांध्यातले पॅकिंग) पुठ्ठ्यावर ठेवून पोर्ट आणि स्टडची (हेडमध्ये रुतलेल्या, नट बसणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची) छिद्रे आखून न्यावीत. फ्लँज ८ ते १० मिलिमीटर जाडीचा आणि नळी १.६ मिलिमीटर जाडीची असावी. (जालन्याचे पोलाद प्रसिद्ध आहे खरे, पण ते सळईसाठी, नळी वेगळीच शोधावी लागते.) नळाचा जीआय पाइप वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा, कारण वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताची वाफ होते आणि ती फुप्फुसात गेल्यास त्याच रात्री थंडी वाजून ताप भरू शकतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही, परंतु तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त वाढते: अर्धा मीटर लांबीची ३०४ प्रतीची नळी ५०० अंशांनी तापली की सुमारे चार मिलिमीटर लांबते. ही वाढ सामावून घेण्यासाठी खालच्या बाजूला सरकता सांधा किंवा लवचिक तुकडा नसेल, तर फ्लँजजवळचे वेल्डिंग तडकते.

जुना मॅनिफोल्ड उतरवणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे. बॅटरीची अर्थ तार काढून, गाडी जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवून, आदल्या दिवसापासूनच नटांवर गंज सोडवणारे तेल घालत राहावे. नट हलला नाही तर तो थोडा घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग उलट, असा आळीपाळीने हलवावा. लांब पाइप लावून जोर केल्यास स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो, आणि तो काढण्यात पुढचे दोन दिवस जातात. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे न घासता ओले करून, तोंडाला मास्क लावून खरवडावे. नंतर हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. हेडरच्या फ्लँजचीही अशीच तपासणी करावी, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो हमखास वाकतो.

आता ज्या मुद्द्यावर मी स्वतः फसलो तो सांगतो. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात, आणि काही स्टडवरचा जाड वॉशर दोघांचेही फ्लँज एकदम दाबतो. माझ्या हेडरचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर पातळ होता. वॉशर तिरका बसला. इनटेक घट्ट आणि एक्झॉस्ट सैल राहिला. तीन गॅस्केटे जळाल्यावर कारण लक्षात आले. दोन्ही फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजून सारखी करावी, किंवा लेथवर वॉशरला तेवढी पायरी पाडून घ्यावी. मूळ इनटेक जर एक्झॉस्टच्या बिडाशी जोडलेला असेल, तर वेगळा इनटेक आणि कार्ब्युरेटरसाठी आधार लागेल, हेही आधीच हिशेबात धरावे.

नळ्या प्रथम फक्त टाके मारून जोडाव्यात आणि गाडीत बसवून पाहाव्यात; पूर्ण आर्गॉन वेल्डिंग बाहेर काढून, फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळून करावे. बसवून पाहताना स्टार्टर, ब्रेकची नळी, क्लचची जोडणी आणि वायरिंग यांच्यापासूनचे अंतर मोजावे. पेट्रोलच्या नळीपासून एक्झॉस्ट किमान ३५ मिलिमीटर दूर असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी याच्या दुप्पट अंतर ठेवतो. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते, हेही विसरू नये: साथीदाराला ब्रेक दाबून क्लच अर्धवट सोडायला सांगावे आणि नळी कुठे आदळते का ते बाजूला उभे राहून पाहावे.

अंतिम जुळणीत पितळी नट आणि स्टडवर तांबेयुक्त ग्रीस वापरावे. नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने सुमारे २० न्यूटन मीटरपर्यंत आवळावेत. खालचा पाइप सायलेन्सरशी जोडताना त्याला लटकवणारे रबर आधी बसवावे. पाइपचे वजन फ्लँजवर येता कामा नये.

मे महिन्यात बीड-परभणीच्या रस्त्यावर पारा ४२ च्या पुढे असताना पातळ नळ्यांची धग कार्ब्युरेटरला पोहोचते आणि गाडी थांबवून पुन्हा सुरू करताना पेट्रोल उकळलेले असते. यावर उपाय म्हणजे मध्ये पत्र्याची ढाल आणि कार्ब्युरेटरखाली बॅकेलाइटचा ठोकळा. साध्या पोलादावर धग अडवणारी कापडी पट्टी गुंडाळू नये, कारण ती पावसाळ्यात ओल धरते आणि आतून नळी गंजून जाते. शेतात गाडी लावताना वाळलेले पाचट किंवा गवत नळ्यांखाली येणार नाही याची काळजी घ्यावी. त्या तापमानाला ठिणगीचीही गरज लागत नाही.

गाडी सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या शेपटीकडून हवेचा झोत सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे, म्हणजे गळती थंड इंजिनावरच कळते. सुरू झाल्यावर मिश्रण पातळ पडलेले आढळेल: प्लग पांढरे दिसतात आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येतो. मात्र हाच आवाज गळतीमुळेही येतो, म्हणून आधी सांधे, मग कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर एसयू बनावटीचा असेल तर सुई, सोलेक्स असेल तर जेट बदलून प्लग तपकिरी येईपर्यंत जुळवावे आणि त्यानंतरच पीयूसी करून घ्यावी. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावेत, आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. उतरवलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात न देता तेल लावून, त्याच्या मूळ वॉशरांसह गोणपाटात बांधून ठेवावा.