बोट ट्रेलरचे दिवे लागत नाहीत? आधी अर्थिंग बघा

बोट पाण्यातून वर काढली, पट्टे आवळले, ट्रेलरचा प्लग गाडीला जोडला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "डावा इंडिकेटर लागत नाहीये!" बोट बाळगणाऱ्यांना हे नवं नाही. जाताना ठणठणीत असलेले दिवे येताना संप पुकारतात. मग आपण काच उघडतो, बल्ब कानाशी नेऊन हलवतो, नवा बसवतो, आणि तोही लागत नाही. बल्ब बिचारा क्वचितच दोषी असतो. माझ्या अनुभवात दहातले सात-आठ वेळा घोटाळा अर्थिंगचा, म्हणजे दिव्यातून करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वाटेचा निघाला आहे.

हे दिवे एवढे का बिघडतात तेही सांगतो. रस्त्यावर तासभर जळून दिव्याचा डबा चांगला तापलेला असतो. तसाच तो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा एकदम आकसते आणि पॅकिंगच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. गरम बल्बची काच तडकते ती वेगळीच. पाणी खारं असेल तर होल्डरवर आणि जोडांवर हिरवी-पांढरी पूड धरते. शिवाय उघड्या टोकातून शिरलेलं पाणी वायरच्या आवरणाखालून तांब्याच्या तारांमधून आत चढत जातं. बाहेरून नवी दिसणारी वायर आतून काळी पडलेली असते.

दोष गाडीत की ट्रेलरमध्ये?

हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. प्लग काढा. टेस्ट लॅम्पची (करंट आहे का ते दाखवणाऱ्या, एक क्लिप आणि एक टोक असलेल्या छोट्या दिव्याची) क्लिप गाडीच्या सॉकेटमधल्या अर्थिंगच्या पिनला लावा. गाडीच्या पत्र्याला लावू नका, कारण मग त्या पिनचीच तपासणी राहून जाते. कुणाला तरी आत बसवून दिवे, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक करून लावायला सांगा आणि टेस्ट लॅम्पचं टोक त्या त्या पिनला टेकवा. सगळीकडे लागला तर गाडी निर्दोष. एखाद्या पिनवर नाही लागला तर आधी गाडीचा फ्यूज बघा.

वायरींचे रंग देशागणिक बदलतात. उत्तर अमेरिकेतल्या चपट्या चार पिनी कनेक्टरमध्ये पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेललॅम्पची, पिवळी डाव्या बाजूच्या इंडिकेटर आणि ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची. युरोपातल्या गोल सात पिनी प्लगमध्ये पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेललॅम्प, काळी डावा टेललॅम्प, निळी फॉग लॅम्प आणि पांढरी पुन्हा अर्थिंग. पण जुन्या ट्रेलरवर आधीच्या मालकाने हाताला लागेल ती वायर जोडलेली असते, तेव्हा रंगावर विसंबू नका, तपासून घ्या.

आता ट्रेलरची पाळी. इथे गाडी मध्ये न आणता एक सुटी १२ व्होल्टची बॅटरी वापरावी. ट्रेलर गाडीपासून पूर्ण सोडवा, बॉलवरूनही (गाडीमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावरूनही) उतरवा. बॅटरीची ऋण बाजू ट्रेलरच्या प्लगमधल्या अर्थिंगला जोडा. धन बाजूच्या वायरमध्ये ५ किंवा १० अँपिअरचा फ्यूज घाला आणि तिचं टोक बाकीच्या पिनांना एकेक करून लावा. फ्यूज उडाला तर ती वायर कुठेतरी सोलून सांगाड्याला टेकली आहे. बहुधा सांगाड्याच्या भोकाच्या कडेवर.

दिवे काय सांगतात

नुसतं "लागत नाही" म्हणून भागत नाही. कसं लागत नाही, ते बघा.

दोन्ही बाजूंचे दिवे मिणमिणते असतील तर दोन्हींचं सामाईक अर्थिंग कमजोर आहे. एका बाजूचं एकच काम बंद असेल, म्हणजे टेललॅम्प लागतो पण ब्रेक लागत नाही, तर ती वायर, होल्डर किंवा बल्बचं एक फिलामेंट (आतली उजळणारी तार) गेलं. या बल्बमध्ये बहुधा दोन फिलामेंट असतात, २१ वॉटचं ब्रेकसाठी आणि ५ वॉटचं टेललॅम्पसाठी. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर उलटा धरलाय, जोर लावू नका.

सगळ्यात गमतीशीर लक्षण असं: ब्रेक दाबल्यावर दिवा उजळण्याऐवजी विझतो, किंवा इंडिकेटर लावला की टेललॅम्पही लुकलुकायला लागतो. भुताटकी नाही. त्या दिव्याचं अर्थिंग तुटलंय. करंटला परतीची सरळ वाट नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन दुसऱ्या बाजूच्या दिव्याच्या अर्थिंगमधून वाट काढतो.

आणि एक: ट्रेलर बॉलवर असताना दिवे लागतात, पण बॉलवरून सोडवून नुसता प्लग जोडला की बंद. याचा अर्थ पांढरी वायर कधीच तुटलेली आहे आणि इतके दिवस करंट बॉलमधून गाडीकडे परत जात होता. बॉलला ग्रीस असतं, तो हलतो, म्हणून रस्त्यात दिवे मनाला येईल तसे लागतात.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरं संशयित दिव्याच्या अर्थिंगच्या टोकाला. दिवा झपकन उजळला की निदान झालं. मल्टिमीटर असेल तर दिवा चालू ठेवून याच दोन ठिकाणांमधला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसला तर मधला रस्ता खराब आहे.

अर्थिंगची दुरुस्ती

अर्थिंगचा स्क्रू काढा. खालचा रंग, गंज, चिखल पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत दिसू द्या. नवं टर्मिनल, दातेरी वॉशर, स्टेनलेस स्क्रू, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा थर. एवढ्याने पुष्कळ ट्रेलर मार्गी लागतात.

पण मला हा उपाय तात्पुरता वाटतो. सांगाड्यालाच परतीची वायर मानण्याची पद्धत पाण्यात न जाणाऱ्या ट्रेलरसाठी ठीक आहे. बोट ट्रेलरचा सांगाडा नटबोल्टनी जोडलेला, काहींचा गाडीला जोडणारा पुढचा दांडा बिजागरीवर वाकणारा, प्रत्येक जोडात गंज. म्हणून प्रत्येक दिव्यापासून प्लगपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढून घ्या. दहा-बारा मीटर वायरचा खर्च आहे, पण नंतरची डोकेदुखी कायमची मिटते.

वायर दुरुस्त करावी की बदलावी?

खराब जोड कापा आणि आवरण सोला. तांबं लालसर, चकचकीत असेल तर तिथेच जोडा. काळं असेल तर आणखी थोडं मागे कापा. वीतभर मागे जाऊनही काळंच दिसत असेल तर कात्री खाली ठेवा आणि सगळं वायरिंग नवं घाला. काळ्या तांब्यावर जोड टिकत नाही. मी एका ट्रेलरवर हट्टाने तीन मोसम जोडामागून जोड मारत राहिलो. शेवटी जोड जास्त आणि वायर कमी असं झालं.

नवी वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्या. तीच बोटींमध्ये वापरतात. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर पुरते, अर्थिंगसाठी अडीच घ्या. जुनी वायर ओढून फेकून देऊ नका! तिच्याच टोकाला नवी घट्ट बांधा, टेप गुंडाळून गाठ निमुळती करा आणि दुसऱ्या बाजूने जुनी ओढा. नवी आपसूक सांगाड्याच्या नळीतून बाहेर येते. जिथे जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) हवंच. दांड्यापाशी थोडी ढील ठेवा: वळणावर ताण बसू नये, पण वायर रस्त्याला घासूही नये.

जोड मात्र मन लावून करा. क्रिम्पचा (धातूची नळी वायरवर दाबून केलेला) जोड आणि त्यावर आत गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की जोड बंद झाला. नळी आधी वायरमध्ये ओवून ठेवायची असते, हे जोड झाल्यावरच आठवतं. नुसती काळी टेप नको, ती पाणी अडवत नाही, धरून ठेवते. वायरला टोचून चिमटणाऱ्या प्लास्टिकच्या झटपट क्लिपाही नकोत, त्या आवरणाला भोक पाडतात आणि पाण्याला तिथूनच वाट मिळते. नुसतं सोल्डरिंगही टाळा, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी मोडते.

एलईडी लावायचे असतील तर

एवढं उघडलंच आहे तर दिवेही एलईडी करून टाका. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खेचतो, एलईडी त्याच्या छोट्या हिश्श्यात भागवतो. तो लगेच उजळतो, त्यामुळे मागच्या चालकाला ब्रेकचा इशारा क्षणभर आधी मिळतो. पण बोटीसाठी खरा फायदा म्हणजे सगळं सर्किट रेझिनमध्ये बंद केलेले दिवे मिळतात. पाणी शिरायला जागाच नाही. उघडता येणारा एलईडी दिवा घेऊ नका, त्याचं पॅकिंगही एक दिवस हार मानतंच. बल्बचेच पाणबुडे दिवे ठेवणार असाल तर उपड्या पेल्यासारखी हवा धरून बल्ब कोरडा ठेवणारा एक प्रकार मिळतो. तो उलटा बसवला तर पेला पाण्याने भरतो.

एलईडीला धन-ऋण सरळ लागतं. उलटं जोडलं तर तो लागणार नाही, म्हणून बसवण्याआधी बॅटरीवर लावून बघा. बदलानंतर गाडीतला इंडिकेटर घाईघाईने टिकटिकायला लागला तर घाबरू नका. करंट कमी झाल्याने गाडीला वाटतं की बल्ब गेला. गाडीसाठी योग्य फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) किंवा ट्रेलर मॉड्यूल हा नीट उपाय. लोड रेझिस्टरनेही (बल्बइतका करंट खेचणाऱ्या रोधकानेही) जमतं, पण तो चटके बसण्याइतका तापतो, तेव्हा प्लास्टिकपासून लांब, धातूवर, पाण्याबाहेर बसवावा. गाडीचे ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे आणि ट्रेलरवर मात्र दोन्हींना एकच दिवा असेल तर मध्ये दोन्ही इशारे एका वायरवर आणणारा कन्व्हर्टर लागतो.

घेताना दिव्यावर तुमच्याकडे चालणारी मान्यतेची खूण आहे का बघा. नंबर प्लेटचा दिवा असलेला नग योग्य बाजूला येतोय ना, तेही. रुंद ट्रेलरला जादा दिवे लागतात. उत्तर अमेरिकेत ती मर्यादा ८० इंच आहे.

वायरिंगच्या भानगडीत पडायचंच नसेल तर सुटा लाइट बोर्ड घ्या. सगळे दिवे एका फळीवर, बोटीच्या मागे बांधायची, पाण्यात जाण्याआधी सोडून गाडीत ठेवायची. दिसायला गबाळा, पण पाण्याशी संबंधच नाही.

पाण्याजवळ

उतारावर पोचलात की प्लग काढा आणि पट्टे सोडेपर्यंत दिवे निवू द्या. एलईडी असले तरी प्लग काढावा, चालू करंट आणि खारं पाणी मिळून जोड फार लवकर खातात. अपवाद एकच: काही ट्रेलरना उलटं नेताना ब्रेक सोडवणारी पाचवी वायर असते, त्यांचा प्लग उलटं नेणं संपेपर्यंत राहू द्यावा. परत आल्यावर दिवे, जोड आणि सांगाडा गोड्या पाण्याने धुवा. प्लगच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी दूर ठेवणारं ग्रीस) लावा आणि प्लग दांड्याला टोक खाली करून टांगून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.