रिपोर्टमध्ये ‘सेप्टम’ दिसलं? या चुका टाळा

मिरजेत तपासणी करून जत, कवठेमहांकाळकडे परतणाऱ्या एसटीत रिपोर्टची पाकिटं उघडतात आणि शेजारचा प्रवासीही अर्थ सांगायला लागतो. ‘सेप्टम’ किंवा ‘सेप्टल’ दिसलं की हमखास ऐकू येतं, “म्हणजे सेप्टिक झालंय!” तसं काही नसतं. सेप्टिक म्हणजे जंतुसंसर्ग. सेप्टम ही पोकळीचे कप्पे करणारी आडभिंत; नाकात आणि हृदयात ती जन्मापासून असतेच. आटपाडीचं डाळिंब फोडल्यावर दाण्यांच्या कप्प्यांमध्ये पिवळसर पापुद्रे दिसतात, तशी. एकापेक्षा जास्त असल्या की ‘सेप्टा’.

दुसरी चूक म्हणजे भिंत कुठल्या अवयवातली हे न बघताच घाबरणं. ‘सेप्टम’ हा शब्द एकटा अर्धवट असतो. त्याच्या आगेमागे नाक, हृदय की गर्भाशय लिहिलंय ते आधी वाचा. मराठीत ‘पडदा’ म्हटल्याने घोळ वाढतो, कारण कानाचा पडदा आणि डोळ्याचा पडदा हे सेप्टम नव्हेत.

सगळ्यात जास्त गैरसमज नाकाबद्दल. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा ते वाढलेलं नसतं, मधली भिंत एका बाजूला झुकलेली असते. रिपोर्टात त्यालाच डीएनएस (डेव्हिएटेड नेझल सेप्टम) लिहितात. या भिंतीचा पुढचा भाग कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा), मागचा हाडाचा, आणि ती थोडी वाकडी तर बहुतेकांची असते. त्रास नसेल तर निव्वळ रिपोर्टवरून ऑपरेशनची घाई नको. शिंका आणि पाणी गळणं ॲलर्जीचं असेल, तर भिंत सरळ करून ते थांबणार नाही.

घोळणा फुटतो तोही बहुधा याच भिंतीच्या पुढच्या भागातून. तेव्हा डोकं मागे टाकून झोपवतात, कांदा हुंगवतात. डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं. बसवून पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि दहा मिनिटं सोडू नका. मध्येमध्ये उघडून बघण्याचा मोह आवरा. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

तालमीत किंवा कबड्डीत नाकावर मार बसला आणि आतून मऊ सूज येऊन नाक बंद झालं, तर ‘उतरेल दोन दिवसांत’ म्हणू नका. भिंतीच्या आवरणाखाली रक्त साचलं की कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि नाक मधोमध बसतं. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘सेप्टम इन्टॅक्ट’ म्हणजे भिंत शाबूत, छिद्र नाही. ते वाचून रडणारेही असतात! बाळाच्या हृदयात व्हीएसडी निघालं, तर खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र आहे. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, पण म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही.

सोनोग्राफीत अंडाशयाच्या गाठीत ‘थिन सेप्टा’ लिहिलं, की थेट कॅन्सरवर उडी मारू नका. पातळ पापुद्रे साध्या गाठीतही असतात. पापुद्रा जाड आहे का, त्यात रक्तप्रवाह दिसतो का, गाठीत घट्ट भाग आहे का, हे डॉक्टरांना विचारा.