डोप टेस्टवाले आले तर काय करायचं

पैलवान पोरांनो, नाडाचा, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचा माणूस सांगून येत नाही, स्पर्धेत येतो, तालमीत येतो, घरी पण येतो, त्यामुळं तयारी आधीच पाहिजे.

पहिलं म्हणजे खोकल्याचं सिरप. बाटलीमागं टरब्युटालीन लिहिलंय का बघा, आपल्याकडच्या बऱ्याच कफ सिरपमध्ये असतं आणि वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते बाराही महिने बंद आहे. वजन घटवायला लघवीची गोळी घेता ना, फ्युरोसेमाईड, ती पण तशीच. जिममधलं ते टर्मिन इंजेक्शन तर ऑपरेशनमध्ये बीपी पडला की देतात राव, दम वाढवायचं औषध नाही ते, आणि स्पर्धेत सापडलं की गेलात. थंडाईत भांग असली तरी तेच. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन डॉक्टर म्हणतात घ्या, तर आधी टीयूई म्हणजे सवलतीचा अर्ज करायचा, स्पर्धेच्या निदान 30 दिवस आधी. यादी दर 1 जानेवारीला बदलते, मागच्या वर्षी चालत होतं म्हणून यंदा चालेल असं नसतं.

"वस्तादांनी दिलं, मला काय माहीत" हे तिथं चालत नाही. नरसिंग यादव तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, जेवणात कुणीतरी मिसळलं म्हणाला, नाडानं सोडला पण, तरी 2016 ला रिओत कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादानं 4 वर्षं घरी बसवला. म्हणून पावडरचा डबा संपला तरी फेकू नका, बॅच नंबरसकट ठेवा.

आता टेस्ट. आधी समोरच्याचं ओळखपत्र बघा, मग सही करा, आणि तिथून त्याच्या नजरेआड जायचं नाही, अंघोळीला पण नाही. सोबत कोच किंवा घरचं कुणीतरी घ्या, 18 च्या आतला असेल तर घ्याच. लघवी 90 मिली लागते आणि माणूस समोर उभा राहून बघतो, लाज वाटते पहिल्यांदा, इलाज नाही. आमच्या तालमीतल्या एकानं घाईनं चार बाटल्या पाणी ढोसलं, सॅम्पल इतकं पातळ झालं की परत द्यायला लावलं, रात्री अकरापर्यंत बसलो होतो आम्ही बाहेर वडापाव खात. घोट घोट प्या.

सॅम्पलच्या बाटल्यांचं किट तुम्हीच निवडायचं, पाकीट फुटलेलं असेल तर दुसरं मागा. एकाच लघवीचे दोन भाग करतात, त्या ए आणि बी बाटलीवरचा, झाकणावरचा, फॉर्मवरचा नंबर एकच आहे का ते स्वतः वाचा, झाकण स्वतः आवळा. फॉर्मवर मागच्या 7 दिवसांतली सगळी औषधं लिहा, अगदी क्रोसिन पण. काही खटकलं तर त्याच फॉर्मवर तक्रार लिहा पण सॅम्पल द्या, कारण नकार दिला तरी 4 वर्षांपर्यंत बंदी बसू शकते. ए पॉझिटिव्ह आलं तर बी तपासायला मागायचा हक्क तुमचा आहे, त्यासाठी मुदत असते, पत्र आलं की त्याच दिवशी वाचा.

आणि फॉर्मची कॉपी तालमीत खुंटीला लटकवू नका, घामानं अक्षर उडतं, फोटो काढून आईच्या फोनवर पाठवा.