रिवॉर्ड पॉइंट्स कुठे गळतात? क्रेडिट कार्ड वापरताना या चुका टाळा

वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये जा, नाहीतर ठाण्यात घोडबंदर रोडच्या. एस्कलेटरपाशी कार्डवाला मुलगा उभा असतोच. ‘सर, पाच टक्के कॅशबॅक, एक मिनिट फक्त.’ तो खोटं बोलत नाही. पाच टक्के कशावर, एवढंच सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

महिन्याचा सगळा खर्च धरून हिशेब करणं

खारघरमध्ये भाड्याने राहणाऱ्या चौघांच्या घराचा एक महिना घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण ओळखीचे वाटतील. भाडं २८,०००, शाळेची फी महिन्याला सरासरी ८,०००, वीज आणि गॅस ४,०००, पेट्रोल ५,०००, डीमार्ट आणि किराणा ९,०००, ऑनलाइन खरेदी ८,०००, बाहेरचं खाणं-पिणं ४,०००. बेरीज ६६,०००. कार्ड घेताना डोक्यात हाच ६६ हजारांचा आकडा असतो.

आता यातलं काय काय गळतं बघा. भाड्यावर बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, उलट साधारण १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. (सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट अॅग्रिगेटरांसाठी, म्हणजे ग्राहकाचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या मधल्या कंपन्यांसाठी, रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले, तेव्हापासून बऱ्याच अॅपनी कार्डाने भाडं भरायची सोयच काढून टाकली.) शाळेची फी मधल्या एखाद्या अॅपवरून भरली तर तिथेही बऱ्याच कार्डांवर तीच गत. पेट्रोलवर १ टक्का सरचार्ज माफ होतो, तोही ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर, पण पॉइंट सहसा नाहीत. महावितरणचं बिल कुठे निम्म्या दराने मोजतात, कुठे मोजतच नाहीत. भरवशाचे उरले किराणा, ऑनलाइन आणि खाण्या-पिण्याचे २१,०००, म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाही.

या २१ हजारांपैकी ऑनलाइनच्या ८,००० वर ५ टक्के मिळाले तर ४०० रुपये, बाकी १३,००० वर १ टक्का म्हणजे १३०. महिन्याला ५३०, वर्षाला ६,३६०. त्यातून ९९९ रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ रुपये वजा करा. हातात साधारण ५,१८०. वाईट नाहीत, पण जाहिरातीतल्या गोवा ट्रिपपेक्षा बरेच कमी.

‘वर्षाला ४ लाख खर्च करा, फी माफ’ हे वाचून कार्ड घेणाऱ्यांची गोची इथेच होते. या घराचा मोजला जाणारा खर्च वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे हे त्या ४ लाखांतही बऱ्याचदा धरत नाहीत. मग शेवटच्या महिन्यात टार्गेट गाठायला गरज नसलेला टीव्ही घरी येतो. बाराशे रुपये वाचवायला चाळीस हजारांचा टीव्ही! शिवाय हे वर्ष एप्रिल ते मार्च असेल असं धरून चालू नका. बहुतेक कार्डांचं वर्ष कार्ड मिळालं त्या तारखेपासून मोजतात, आणि ती तारीख कोणाच्या लक्षात नसते.

पॉइंटचे रुपये न करणं

‘शंभर रुपयांवर ४ पॉइंट’ ऐकायला ‘शंभर रुपयांवर २ पॉइंट’पेक्षा दुप्पट वाटतं. पहिल्या कार्डाचा पॉइंट २५ पैशांचा आणि दुसऱ्याचा ५० पैशांचा असेल तर दोन्हीकडे पडतो तो १ टक्काच. त्यामुळे पॉइंट किती, यापेक्षा एका पॉइंटचे पैसे किती हे आधी विचारा.

त्यातही मेख आहे. एकाच कार्डावरचा पॉइंट स्टेटमेंटमध्ये वळता करून (म्हणजे बिलातून वजा करून) घेतला तर २०-२५ पैशांचा, व्हाउचर घेतलं तर थोडा जास्त, आणि विमानाचं तिकीट किंवा एअरलाइनच्या माइल्समध्ये वळवला तर त्याहून जास्त, असा प्रकार बऱ्याच बँकांत असतो. सगळ्यांत पाण्यात जातात ते कॅटलॉगमधल्या मिक्सर आणि ट्रॉली बॅगांवर घालवलेले पॉइंट. तोच मिक्सर ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा ऑनलाइन कितीला मिळतो ते बघा, मग ठरवा.

रिडेम्प्शनचं, म्हणजे पॉइंट वापरून काढण्याचं, शुल्कही विसरू नका. अनेक बँका दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास ११७ रुपये घेतात. २५ पैशांच्या हिशेबाने ४०० पॉइंट काढलेत तर हातात येतात १०० रुपये आणि शुल्क जातं ११७. दोनचारदा थोडे थोडे काढण्यापेक्षा साठवून एकदा काढा. पण फार साठवूही नका: बऱ्याच कार्डांवर पॉइंट दोन-तीन वर्षांत लॅप्स होतात, आणि बँक पॉइंटची किंमत मधेच कमीही करते, त्याचा ईमेल जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडलेला असतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या खरेदीआधी, रिकामे करणं मला सोयीचं वाटतं.

दुकानाच्या पाटीवर विसंबणं

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या. ‘हॉटेलिंगवर पाचपट पॉइंट’ म्हणून मिठाईवाल्याकडे दोन हजारांचं फरसाण आणि पेढे घेतले, टेबलावर बसून मिसळही खाल्ली, आणि पॉइंट आले साधेच. बँकेने फसवलं का? नाही. बँकेला पाटी दिसत नाही, दिसतो तो चार आकडी मर्चंट कोड. स्वाइप मशीन घेताना त्या दुकानाला जो कोड मिळाला तोच कायम. रेस्टॉरंटचा कोड ५८१२, फास्ट फूडचा ५८१४, बेकरीचा ५४६२, मिठाई-चॉकलेटवाल्यांचा ५४४१. तुम्ही आत बसून मिसळ खाल्लीत की पेढे बांधून घेतलेत, मशीनला सारखंच.

असंच किराण्याचं. सुपरमार्केटचा कोड ५४११ असतो. पण मोठ्या मॉलमधल्या स्टोअरमध्ये कपड्यांच्या मजल्याखाली किराणा असेल तर त्याचा कोड ५३११, म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, असू शकतो. गुढीपाडव्याला सोनं घ्यायचं असेल तर सराफाचा कोड ५९४४. दागिन्यांवर पॉइंट नाहीत अशी कलमं काही कार्डांवर आहेत, तेव्हा लाखभराचं बिल स्वाइप करण्याआधी अटी वाचा.

उपाय साधा आहे. मोठी खरेदी करायची असेल तर त्या दुकानात आधी शे-दोनशेचं काहीतरी घ्या, व्यवहार पोस्ट झाला की कस्टमर केअरला फोन करून त्याचा एमसीसी, म्हणजे हाच मर्चंट कोड, विचारा. अॅपमध्ये ‘डायनिंग’, ‘ग्रोसरी’ असं चित्र दिसतं त्याच्यावर जाऊ नका, ते पुष्कळदा अॅपने आपल्या अंदाजाने लावलेलं असतं.

रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर स्कॅन करणारेही आता पुष्कळ आहेत. ते चालतं फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला असेल तर पेमेंट अडकेल. त्यात कार्डाचा दोष नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

मर्यादा आणि तारखा

५ टक्के, पण महिन्याला कमाल १,००० रुपये: म्हणजे २०,००० च्या खरेदीनंतर तो दर संपला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही घ्यायचं असेल तर एकाच दिवशी नको. मात्र मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याची आहे की बिलाच्या सायकलची, हे बघून तारीख धरा. स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी केलेला व्यवहार दोन दिवसांनी सेटल होतो आणि पुढच्या सायकलमध्ये जातो.

वेलकम बोनसचंही तसंच. ‘३० दिवसांत’, ‘९० दिवसांत’ ही मुदत बहुधा कार्ड मंजूर झाल्यापासून मोजतात, कुरिअर हातात पडल्यापासून नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये आठवडाभर पाकीट पडून राहिलं तर तो आठवडा तुमचाच गेला.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात: व्याजाएवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. बऱ्याच कार्डांवर ईएमआयच्या व्यवहाराला पॉइंटही नाहीत.

‘मिनिमम ड्यू’ भरून निश्चिंत होणं

मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली भरायलाच हवी अशी किमान रक्कम. यावर वाद नको. ४०,००० चं बिल, २,००० भरले, राहिले ३८,०००. महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे १,३३० रुपये, त्यावर जीएसटी २३९. एका महिन्यात १,५६९ गेले. वर काढलेले वर्षाचे ५,१८० रुपये साडेतीन महिन्यांतच संपतात. त्यात मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावता येत नसेल तर पॉइंटच्या भानगडीत पडूच नका, डेबिट कार्ड बरं.

पॉइंट आलेच नाहीत, आता?

आधी घाई करू नका. जादा पॉइंट मूळ पॉइंटसोबत येत नाहीत. पुढच्या स्टेटमेंटला, कधी ६० ते ९० दिवसांनी येतात, ती मुदत अटींमध्ये लिहिलेली असते. मग बघा: वस्तू परत केली होती का (पॉइंटही परत जातात), व्यवहार ईएमआयमध्ये वळवला का, कोड काय लागला, मर्यादा संपली होती का. ऑफर घेतानाच तिच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन महिन्यांनी ते पान सापडत नाही.

एवढं सगळं आपल्या बाजूने असेल तर फोनवर वाद घालण्यापेक्षा लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८.

‘तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आणि सोबत अॅपची फाइल आली तर ती उघडू नका. बँक पॉइंटसाठी ओटीपी मागत फोन करत नाही, आणि अशी एपीके फाइलही पाठवत नाही. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

आणि कार्ड परवडत नाही असं दिसलं तर ते नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवू नका, फी लागत राहते. आधी पॉइंट काढून घ्या, कारण बंद कार्डावरचे पॉइंट सहसा बुडतात. मग बाकी शून्य करून बंद करायची विनंती लेखी द्या. काही देणं नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. त्यानंतर रोज ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे.